बहावा बियांपासून लावायचाय? मग आधी नेलकटर शोधा

एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेचे बहावे पिवळे झाले की ओळखीतल्या चार-पाच जणांना हमखास हुक्की येते, शेंगा गोळा होतात, कुंड्या भरल्या जातात आणि जुलैमध्ये फोन येतो की अरे बिया टाकून महिना झाला, एकही उगवली नाही, बी खराब असणार. बी खराब नसते हो. बहाव्याची बी चांगली असते म्हणूनच उगवत नाही, तिचं कवच इतकं टणक असतं की पाणी आतच जात नाही. माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं, साठेक बिया रात्रभर साध्या पाण्यात भिजवून लावल्या आणि उगवल्या तीन. त्याही दोन महिन्यांनी, मी कुंडीत पुदिना लावून मोकळा झालो तेव्हा.

उगवल्यानंतरच्या चुका वेगळ्याच. सोटमूळ तुटतं किंवा पिशवीत वेटोळं होऊन बसतं, रोप भर उन्हाळ्यात जमिनीत जातं, आणि तगलंच तर पुढे पाणी घालून घालून त्याचे इतके लाड होतात की नुसती पानंच येतात. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका, बाकी तुमच्या जागेनुसार इकडचं तिकडे चालेल.

सुरुवातीआधी: कॅलेंडर आणि सामान

माझं वेळापत्रक असं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा गोळा करायच्या, मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये बिया पिशवीत पेरायच्या, तो पावसाळा आणि पुढचा हिवाळा-उन्हाळा रोप पिशवीतच वाढवायचं आणि त्याच्या पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावायचं. म्हणजे रोप साधारण चौदा महिन्यांचं होतं. एवढा वेळ कशाला असं वाटेल, पण एप्रिलमध्ये पेरलेलं रोप त्याच जूनमध्ये लावलं तर ते बोटभरच असतं, गवतात हरवतं नाहीतर एका जोराच्या पावसात आडवं होतं. घाईच असेल तर जूनमध्ये सरळ खड्ड्यातच बी पेरा, ते पुढे सांगतो.

सामान फार नाही. नेलकटर किंवा पॉलिश पेपर, एक छोटा हातोडा, जुनी चाळण, पेरणीसाठी काळ्या पॉलिथिन पिशव्या (किमान ६ बाय ९ इंच, खोल मिळाल्या तर अजून चांगलं), पोयटा माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत.

१. झाड बहाव्याचंच आहे का ते बघा

हसू नका. पिवळी फुलं दिसली की बहावा, असं समजून सोनमोहराच्या शेंगा पिशवीभर गोळा करून आणणारे लोक मी पाहिलेत. सोनमोहराचे तुरे वर आकाशाकडे असतात, शेंग चपटी आणि तांबूस, पान गुलमोहरासारखं बारीक. कशीदाची फुलंही पिवळी, पण तुरे उभे आणि शेंगा चपट्या पट्ट्यांसारख्या. टबेबुयाचं फूल कर्ण्यासारखं असतं. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि शेंग गोल नळीसारखी, हात-दीड हात लांब, अंगठ्यापेक्षा जाड, पिकल्यावर काळपट तपकिरी.

एक गडबड मात्र शेंगेवरूनही होते. गुलाबी फुलांच्या कॅशियालाही अशीच गोल लांब शेंग येते आणि बऱ्याच सोसायट्यांमध्ये दोन्ही झाडं शेजारी-शेजारी लावलेली असतात. तेव्हा झाड फुलात असतानाच हेरून ठेवा, फोटो काढा, खोडावर सुतळी बांधा, काहीही करा, फक्त नुसत्या शेंगेच्या भरवशावर राहू नका.

रोप विकत घेणार असाल तर पानं मोजा. बहाव्याच्या एका देठावर मोठ्या अंडाकृती पर्णिकांच्या साधारण तीन ते आठ जोड्या असतात, समोरासमोर, आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. कशीदाच्या जोड्या जास्त आणि पर्णिका लहान, लांबट. एका नर्सरीतून मी बहावा म्हणून आणलेलं रोप चार वर्षांनी कशीद निघालं, चार वर्षं! तेव्हापासून नर्सरीत गेलो की मी पाटी वाचत नाही, पान बघतो.

२. शेंग कधी तोडायची

फुलं एप्रिल ते जून येतात, पण शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागतं. त्यामुळे झाड फुललेलं असताना वर जी काळी शेंग लटकत असते ती मागच्या वर्षीच्या फुलांची. हिरवी शेंग तोडून घरी वाळवली तर बाहेरून काळी पडते, पण आतली बी कोवळीच राहते आणि सुरकुतते, तो उद्योग नको.

तपासा: शेंग कानाशी धरून हलवा. आत बिया खुळखुळ्यासारख्या वाजल्या तर शेंग तयार. नाही वाजली पण काळी आणि टणक आहे, तर आतला गर अजून ओला आहे, पंधरा दिवस उन्हात ठेवा. शेंगेवर बारीक गोल भोकं दिसली तर ती सोडूनच द्या, आत किड्यांनी जेवण उरकलेलं असतं.

एका शेंगेत पन्नासच्या आसपास बिया निघतात, कमीजास्त. म्हणजे दोन झाडं लावायला एक शेंग पुरते, पोतं भरून आणू नका. पण शेंगा दोन-तीन वेगवेगळ्या झाडांच्या घ्या, एकाच झाडाच्या सगळ्या नकोत. काही झाडं भरगच्च फुलतात, काही कंजूष असतात, मी तरी भरगच्च फुलणाऱ्याचीच शेंग उचलतो.

३. शेंग फोडा आणि बिया धुवा

शेंग फरशीवर ठेवून हातोड्याने हलके ठोके द्या, जोरात नाही, नाहीतर बियाही फुटतात. शेंगेला आडवे पातळ पडदे असतात, जणू नाण्यांची चवड, आणि प्रत्येक कप्प्यात एक बी काळ्या चिकट गरात बसलेली असते. सगळे तुकडे बादलीत टाका, वरपर्यंत पाणी घाला, एक दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवशी चाळणीत घेऊन नळाखाली चोळा. वास येतो आणि हात काळे होतात, जुने कपडे घाला.

सावध: तो गर गोडसर लागतो आणि जोरदार रेचक आहे, आयुर्वेदात त्यासाठीच वापरतात. घरात लहान पोरं किंवा कुत्रं असेल तर बादली झाकून ठेवा आणि गराचं पाणी लगेच फेकून द्या. घरगुती औषध म्हणून स्वतःच्या मनाने चाटून बघू नका.

गर न धुता बी लावली तर दोनच दिवसांत मुंग्या येतात आणि मग बुरशी. हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून लोक गाळतात आणि मग मुंग्यांना शिव्या घालतात.

धुतलेल्या बिया सावलीत दोन दिवस वाळवा. चांगली बी चपटी, चकचकीत तपकिरी, साबुदाण्यापेक्षा बरीच मोठी, एका टोकाला थोडी निमुळती. भोक पडलेल्या, सुरकुतलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बाजूला काढा. लगेच पेरायच्या नसतील तर कोरड्या बाटलीत भरून ठेवा, कवच टणक असल्याचा इथे फायदाच होतो, वर्ष-दोन वर्षं सहज टिकतात.

४. कवच उघडा (सगळी गंमत इथेच आहे)

जंगलात हे काम अस्वलं, कोल्ही, माकडं करतात, शेंगा फोडतात, गर खातात आणि बी त्यांच्या पोटातून फिरून बाहेर पडते. शिवाय ऊन-पावसात वर्षानुवर्षं पडून कवच झिजतं. आपल्याकडे ना अस्वल आहे ना तेवढा वेळ, म्हणून दोन पद्धती.

पहिली, नेलकटरची. दहा-वीस बिया असतील तर हीच करा. बीचं निमुळतं टोक बघा, तिकडे कोंब असतो, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या उलट बाजूला, म्हणजे गोलसर कडेला, नेलकटरने कवचाचा अगदी छोटा टवका काढायचा. आतला फिकट भाग दिसला की थांबा. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढं भोक पुरे. नेलकटर घसरतंय असं वाटलं तर पॉलिश पेपर जमिनीवर ठेवून बीची ती कड त्यावर घासा, वेळ लागतो पण बोट वाचतं. मग बिया साध्या पाण्यात रात्रभर.

दुसरी, गरम पाण्याची. शंभरभर बिया असतील तर एकेक कापत कोण बसणार. पातेल्यात बियांच्या पाचपट पाणी उकळा, गॅस बंद करा, एक मिनिट थांबा आणि मग बिया त्यात सोडा. झाकण ठेवून विसरून जा, चोवीस तासांनी बघा. पाणी आपोआप गार होऊ द्यायचं, परत तापवायचं नाही.

थांबा: बिया गॅसवर उकळायच्या नाहीत. "गरम पाणी" ऐकून एकाने बिया कुकरला लावल्या होत्या, तीन शिट्ट्या. त्याची उसळ झाली असेल, रोपं नाही झाली.

पुस्तकांमध्ये गंधकाम्लाची पद्धत दिलेली असते. रोपवाटिकेत हजारो बिया करायच्या असतील तर ठीक, घरी अजिबात नको. दहा बियांसाठी डोळे कशाला धोक्यात घालायचे.

तपासा: भिजल्यानंतर ज्या बी ने पाणी प्यायलंय ती फुगून जवळपास दुप्पट होते आणि बोटाला बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजे सडणं नव्हे, तिचा आतला थर तसाच असतो, धुऊन काढायला जाऊ नका. ज्या बिया पूर्वीइतक्याच आणि पूर्वीइतक्याच कडक आहेत त्यांनी पाणी घेतलेलं नाही. त्या वेगळ्या काढा आणि नेलकटर घ्या. गरम पाण्याच्या पद्धतीत अशा काही बिया राहतातच, त्या पेरून पिशव्या अडवू नका.

फुगलेली बी त्याच दिवशी पेरायची. उद्या करू म्हणून पाण्यात ठेवली तर आंबते. म्हणजेच माती आणि पिशव्या आधी भरून तयार हव्यात, मगच बिया भिजवा. हा क्रम उलटा झाला म्हणून वाया गेलेल्या बिया मी स्वतः फेकल्यात.

५. पेरणी

दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. शेणखत जुनंच हवं, ताजं असेल तर कोवळी मुळं जळतात आणि हुमणीही (मुळं खाणारी पांढरी अळी) येते. काही जण शेंगेचं झाड आहे म्हणून बियांना रायझोबियम कल्चर (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू) चोळतात, त्याचा इथे उपयोग नाही, बहाव्याच्या मुळांवर हरभरा-तुरीसारख्या गाठी येतच नाहीत. पैसे वाचवा.

पिशवीला खाली आणि बाजूला सात-आठ भोकं पाडा. माती भरून एकदा पाणी घाला, खाली बसू द्या, मग बोटाच्या एका पेराइतकं नाही, त्याच्या अर्ध्यावर बी आडवी ठेवा आणि माती टाका. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पुरे. एका पिशवीत दोन बिया. कुंडीत पंधरा बिया एकत्र टाकून "उगवल्या की वेगळ्या करू" हा बेत करू नका, वेगळ्या करताना सोटमूळ तुटतं आणि तुटलेल्या मुळाचं रोप वर्षभर रुसून बसतं.

पिशव्या हलक्या सावलीत, झारीने पाणी, माती ओलसर राहील एवढंच. उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात पहिले कोंब दिसतात, आधी दोन जाडसर दलं मातीच्या वर येतात आणि मग खरं पान. तीन आठवडे वाट बघा. मधे उकरून बघायचं नाही! मला माहितीये तुम्ही बघणार, पण नका बघू.

६. पिशवीतलं वर्ष

दोन्ही बिया उगवल्या तर तीन-चार पानांवर असताना कमजोर रोप कात्रीने जमिनीलगत कापा. उपटू नका, उपटताना दुसऱ्याचंही मूळ हलतं. जीव होत नाही कापायला, मलाही होत नाही, पण दोन्ही ठेवली की दोन्ही बारीक राहतात.

या काळात रोपं मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने. खोड मातीजवळ काळं पडून मऊ होतं आणि रोप आडवं पडतं, मर म्हणतात त्याला, ते रोप परत उभं राहत नाही. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. चार-पाच पानं आली की सावलीतून हळूहळू उन्हात आणा, दहा-बारा दिवसांत पूर्ण उन्हात. ग्रीननेटखाली वर्षभर ठेवलेलं रोप उंच आणि लिबलिबीत होतं आणि जमिनीत गेल्यावर मान टाकतं.

पावसाळ्यात एक दिवस उठून बघाल तर पानं गायब. घाबरू नका. फिकट पिवळसर पांढरी एमिग्रंट फुलपाखरं आणि छोटी पिवळी गवती फुलपाखरं बहाव्याच्या पानांवर अंडी घालतात आणि त्यांच्या हिरव्या अळ्या पानाच्या शिरेला चिकटून बसतात, नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. मोठ्या झाडाला याने काही फरक पडत नाही, झाड परत पालवी फोडतं. पिशवीतल्या रोपाला मात्र दहा अळ्या म्हणजे फार, तेव्हा हाताने उचलून जवळच्या मोठ्या बहाव्यावर सोडा. औषध फवारू नका. फुलं हवीत आणि फुलपाखरं नकोत हे काही जमायचं नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पिशवी उचलून तळ बघा. मूळ भोकातून बाहेर येऊन खालच्या जमिनीत शिरलं असेल तर रोप मोठ्या, खोल पिशवीत हलवायची वेळ झाली. दर महिन्याला पिशव्या जागच्या जागी उचलून ठेवायची सवय लावली तर मूळ जमीन पकडत नाही. पहिल्या वर्षी वर वाढ बेताचीच असते, वीत-दोन वीत. रोप खुंटलं म्हणून युरिया टाकू नका, ते तेव्हा खाली मूळ करत असतं.

७. जागा आणि खड्डा

खड्डा मे महिन्यात खणायचा, लागवडीच्या दिवशी नाही. दोन बाय दोन बाय दोन फूट. पंधरा-वीस दिवस ऊन खाऊ द्या, किडे-बुरशी कमी होते. मग वरच्या थरातली माती, दोन घमेली शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड एकत्र करून भरा आणि एक-दोन पावसात खाली बसू द्या. खाली कडक मुरूम लागला तर पहारीने अजून फूटभर फोडा, सोटमुळाला खाली वाट पाहिजे. काळ्या चिकट जमिनीत पाणी साचतं, तिथे खड्ड्याचं तोंड जमिनीपेक्षा वीतभर उंच करा, म्हणजे उंचवट्यावर लावल्यासारखं.

जागा निवडताना:

- पूर्ण ऊन. दिवसातले सहा तास तरी. दोन इमारतींच्या फटीत लावलेला बहावा उंच जातो आणि फुलत नाही.
- वर विजेच्या तारा नकोत, झाड तीस-चाळीस फूट जातं. दहा वर्षांनी वीजवाले येऊन मधोमध तोडतात, मग तुम्हीच हळहळणार.
- भिंतीपासून दहा-बारा फूट, दोन झाडांत पंधरा-वीस फूट.
- कायम ओल्या लॉनच्या मधे नको. का ते शेवटी येतं.
- गाडी लावायची जागा त्याखाली नको. पाकळ्यांचं कौतुक दोन दिवस टिकतं, पुढे काठीएवढी शेंग बॉनेटवर पडते.

आणि बाल्कनी? कुंडीत बहावा लावू का असं खूप जण विचारतात. नका लावू. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये जगेल, पण सोटमुळाच्या झाडाला ड्रम म्हणजे तुरुंगच. त्यापेक्षा सोसायटीच्या कडेला, शाळेच्या आवारात किंवा गावाकडे बांधावर जागा शोधा.

८. लागवड

चांगला पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाली की लावा, बहुतेक ठिकाणी जूनचा शेवट ते जुलै. पहिल्या वळवाच्या पावसावर विसंबून लावलं आणि मग वीस दिवस पाऊस गायब, असं दर दोन वर्षांनी होतं. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो असे मेसेज फिरतात, त्यावर लागवडीची तारीख ठरवू नका, जमीन उकरून बघा.

आदल्या संध्याकाळी पिशवीला भरपूर पाणी द्या म्हणजे मातीचा गोळा फुटणार नाही. भरलेल्या खड्ड्यात पिशवीएवढी जागा करा. पिशवी ब्लेडने उभी कापून सोलून काढा, खोडाला धरून ओढू नका. आणि हो, पिशवी खरंच काढा. पिशवीसकट लावलेली रोपं मी वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांनंतर स्वतः उकरून काढलीत, पाहुणे फोटो काढून गेले होते.

तपासा: गोळ्याच्या तळाशी मुळाचं वेटोळं दिसतंय का? असेल तर तळाचा तेवढा इंचभर भाग धारदार कात्रीने साफ कापून टाका. मूळ कापायचं नाही असं मीच वर म्हटलं, पण वेटोळं तसंच राहिलं तर पाच-सहा वर्षांनी ते स्वतःलाच आवळतं आणि एखाद्या वादळात अख्खं झाड उपटून पडतं. कापलेल्या टोकातून नवी मुळं खाली जातात.

रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल ठेवा, खोडाचा बुंधा मातीत गाडू नका. माती पायाने हलकी दाबा, लगेच बादलीभर पाणी, पाऊस पडत असला तरीही, त्याने मातीतल्या पोकळ्या भरतात. काठी वाऱ्याच्या बाजूला गोळ्याच्या बाहेर ठोका आणि जुन्या सुती कापडाची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. नायलॉनची सुतळी नको, खोड जाड झालं की ती सालीत रुतते. वर्षाने काठी काढा, काढायची आठवण मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

गुरं-शेळ्या बहाव्याच्या पानाला सहसा तोंड लावत नाहीत, पण तुडवतात आणि अंग घासतात, म्हणून काट्याचं कुंपण किंवा जाळी हवीच.

सरळ बी पेरायची असेल तर याच खड्ड्यात, याच वेळी, कवच उघडून फुगवलेल्या तीन बिया वीतभर अंतरावर पेरा आणि पुढे एक ठेवा. सोटमूळ कुठेही न अडता खाली जातं, माझ्या मते झाड जास्त भक्कम होतं. पण तण काढायला दर पंधरा दिवसांनी जाणार असाल तरच. जिथे वर्षातून एकदा जाणं होतं तिथे मोठं रोपच लावा.

९. पाणी: आधी भरपूर, मग बंद

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यापासून पुढच्या पावसापर्यंत आठ-दहा दिवसांनी दहा-पंधरा लिटर, एकदम आणि सावकाश. रोज तांब्याभर ओतलं की मुळं वरच राहतात. आळं खोडाला चिकटून करू नका, हातभर लांब गोल करा आणि त्यात पालापाचोळा टाका, खोडापासून चार बोटं सोडून. उधळीचा, म्हणजे वाळवीचा त्रास असेल तर पाचोळा पातळ ठेवा. दुसऱ्या वर्षी पंधरा-वीस दिवसांनी, तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, त्यानंतर जमीन अगदीच उथळ नसेल तर बंद. खत म्हणजे जूनमध्ये घमेलंभर शेणखत, बस.

थांबा: मार्च-एप्रिलमध्ये सगळी पानं पिवळी होऊन गळतील. पानगळीचं झाड आहे, ते त्याचं कामच आहे. इथे लोक "झाड मेलं" म्हणून रोज पाणी ओततात, एकाने तर उपटून टाकलं. नखाने बारीक फांदीची साल खरवडा, खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे, निवांत राहा.

१०. छाटणी

पहिली दोन वर्षं कात्री लांबच ठेवा. खालच्या बारीक फांद्या खोड जाड करायला मदत करतात, "शेप" द्यायच्या नादात त्या काढल्या की खोड काठीसारखं राहतं आणि वाकतं. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी खालच्या एक-दोन फांद्या काढत सात-आठ फुटांपर्यंत खोड मोकळं करा. शेंड्याला दोन सारखे धुमारे फुटले तर एक ठेवा.

वेळ महत्त्वाची. फुलांचे घोस आधीच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर येतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत "उन्हाळ्याआधी साफसफाई" केली की त्या वर्षीची फुलं कचऱ्याच्या गाडीत जातात. फुलं संपली की लगेच, जूनमध्ये, हलकी छाटणी करा. शहरात झाड मोठं झालं असेल तर फांद्या तोडायच्या आधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, झाड तुम्ही लावलेलं असलं तरी.

११. फुलं येत नाहीत, आता काय

आधी वय मोजा. बियांपासूनच्या झाडाला पाच-सहा वर्षं धरून चाला, कधी आठही. तीन वर्षांचं झाड फुलत नाही ही तक्रार होऊच शकत नाही. वय झालंय तरी नाही, तर या क्रमाने बघा: ऊन पुरेसं मिळतंय का (शेजारी नवी इमारत झाली का), हिवाळ्यात कोणी छाटलं का, आणि मग पाणी. लॉनमधल्या बहाव्याला उन्हाळाभर पाणी आणि लॉनचं नत्राचं खत मिळत राहतं, मग तो पानं नीट गाळतच नाही, हिरवागार राहतो आणि चार-दोन घोस कुठेतरी पानांत लपून येतात. त्याचं पाणी जानेवारीपासून तोडा. लॉन वाळेल थोडं. बुंध्याभोवती फरशी किंवा सिमेंट असेल तर किमान मीटरभर गोल फोडून माती मोकळी करा.

खिळे ठोकणं, सालीला चरे पाडणं, बुंध्याला मीठ घालणं असले उपाय कोणी सांगितले तर त्याला फक्त चहा पाजून परत पाठवा.

पहिल्या वर्षी बहुधा दोन-चारच घोस येतात, तेही आखूड, आणि त्याला शेंग धरेलच असं नाही. मोठे काळे भुंगे फुलांवर येताना दिसले तर शेंगेची आशा ठेवा. धरलीच तर ती हिरवी काठी पुढचं अख्खं वर्ष झाडावर लटकत राहील, पोरांना तोडू देऊ नका, काळी होऊन वाजायला लागली की नेलकटर आहेच.